चाकांवरचं घर पसंत करताना

मला गाडी चालवता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. स्कूटर येते, पण माझ्या मागे बसणारी माणसं उतरल्यावर देवाचे आभार मानतात. अशा माणसानं आलिशान मोटारघर विकत घ्यायला निघावं, म्हणजे आत पलंग, स्वयंपाकघर, न्हाणीघर असलेली बसएवढी गाडी, आणि तीही हौसेपुरती नाही, उरलेलं आयुष्य तिच्यात काढायच्या बेतानं, हे ऐकून तुम्हाला हसू आलं असेल तर हसून घ्या. हैदराबादच्या बरकतपुऱ्यातले आमचे शेजारी अजून हसतायत.

तेव्हा राज्य नुकतंच दुभंगलं होतं. नव्या गाड्यांच्या पाट्यांवरचं ‘एपी’ जाऊन ‘टीएस’ आलं होतं, आणि सरकारी माणसांची वाटणी चालू होती. कोण तेलंगणात, कोण आंध्रात, याशिवाय कुठल्याच कचेरीत दुसरा विषय नव्हता. माझी बायको सुलभा राज्य सरकारच्या एका खात्यात, निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेली. तिचं नाव आंध्राच्या वाट्याला जाणार अशी बोलवा होती, आणि आंध्राच्या कचेऱ्या आज ना उद्या विजयवाड्याकडे हलणार होत्या. म्हणजे सुलभा तिकडे आणि मी इकडे. आमच्या घराण्याला वाटण्या काही नव्या नाहीत. आजोबांची शेती उदगीरकडे. पूर्वीचं हैदराबाद राज्य वाटलं गेलं तेव्हा शेती मुंबई राज्यात गेली आणि वडील नोकरीपायी इथेच राहिले. पण ती वाटणी जमिनीची होती, नवराबायकोची नव्हती.

तारनाक्याच्या रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झाल्यापासून मला भरपूर वेळ होता, आणि रिकाम्या डोक्यात काय काय शिजतं ते तुम्हाला माहीत आहेच. वडिलांनी बांधलेलं बरकतपुऱ्याचं घर एक बिल्डर कधीपासून मागत होता. मी ठरवलं, घर देऊन टाकायचं आणि चाकांवरचं घर घ्यायचं. सरकार सुलभाला जिथे टाकेल तिथे घर तिच्यामागून जाईल. महिनोन्‌महिने मी इंटरनेटवर परदेशातल्या म्हाताऱ्या जोडप्यांची मोटारघरं बघितली. ती जोडपी डोंगरासमोर खुर्च्या टाकून कॉफी पीत असायची. आमची पुण्याची मुलगी फोनवर म्हणाली, “बाबा, तुम्हाला गच्चीवर खुर्ची टाकली तरी डास चावतात म्हणून आत येता.” सुलभा मात्र म्हणाली, “बघून या,” एवढंच.

बालानगर

रियाझभाईंचा कारखाना बालानगरच्या मागच्या बाजूला. सिनेमावाल्यांना शूटिंगच्या वेळी बसायला, नटायला ज्या गाड्या लागतात त्या बांधण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, असं ते स्वतःच सांगतात. अलीकडे ते श्रीमंत लोकांसाठी मोटारघरंही बांधू लागले होते. मी गेलो तेव्हा विकाऊ गाड्या तीन होत्या.

मी पूर्ण तयारीनं गेलो होतो. कुणाला कधी अशी गाडी घ्यायची झालीच तर माझ्या अभ्यासाचा फायदा व्हावा म्हणून सांगतो. सोफ्याच्या चामड्याकडे बघायचं नाही. छताचे सांधे बघायचे, भिंतीचं प्लायवूड बोटानं वाजवायचं, मैलापाण्याची टाकी कुठून आणि कशी रिकामी होते ते विचारायचं, आणि दहा वर्षांनी सुटे भाग कोण देणार तेही. पहिल्या गाडीच्या छतावर मी बादलीभर पाणी ओतायला लावलं आणि गळतं का ते बघायला आत उभा राहिलो. तोंड वर करून उभा राहिलो, त्यामुळे गळतं हे मला लगेच कळलं. दुसऱ्या गाडीत उभं राहिलं की डोकं छताला टेकायचं. तिच्यात म्हातारपण काढायचं तर आधी कुबड यायला हवं होतं.

तिसरी मात्र राजवाडा होती. बसच्या सांगाड्यावर बांधलेली, आणि बटण दाबलं की तिची एक भिंत बाहेर सरकून खोलीच मोठी व्हायची. मी ते बटण इतक्या वेळा दाबलं की रियाझभाईंनी माझा हात हळूच बाजूला केला.

“या भिंतीचं रबर दहा वर्षांनी कुठे मिळेल?” मी विचारलं.

“साब, दस साल बाद का रबर आज कायकू पूछते? पैले बैठके तो देखो. चार दिन घुमा के लाव. पसंद आई तो आपकी, नै आई तो अपनी.” त्यांनी यादगिरी नावाचा ड्रायव्हरही बरोबर दिला.

आता माझी चूक ऐका. अनोळखी मुलखात, कुणाच्या आधाराशिवाय राहता येतं का, याची ही तालीम होती. मी नकाशा उघडून मार्ग आखला आणि पहिला मुक्काम टाकला बिदरला, सुलभाच्या मामांच्या गावी. दुसरा उदगीरला, माझ्या चुलतभावाच्या गावी. गाडी बंद पडली तर? पाणी संपलं तर? आपलं माणूस जवळ असलेलं बरं. आपल्या लोकांनी प्रवासाला निघताना हा विचार केला नाही असं कधी झालंय? मीही केला, आणि स्वतःच्या दूरदृष्टीवर खूश झालो.

बिदर

सुलभाही रजा टाकून बरोबर आली. झहीराबादपर्यंत मी राजासारखा सोफ्यावर बसून गेलो. पुढे रस्ता खराब लागला, स्वयंपाकघराचे सगळे खण एकदम बाहेर आले आणि आतल्या कपबशा माझ्या पायाशी येऊन फुटल्या. गाडी घेताना आधी खण ओढून बघा. खणांना खिटी हवी, हे माझ्या अभ्यासातून सुटलं होतं.

बिदरचं जुनं गाव कोटाच्या आत. शहागंज दरवाज्यापाशी यादगिरीनं गाडी थांबवली, खाली उतरून वर बघितलं आणि म्हणाला, “सार, अंदर नै जाती. जबरदस्ती करे तो दरवाजा बी जाता, गाडी बी जाती.” पाचशे वर्षं टिकलेला दरवाजा माझ्या हातून पडू नये म्हणून आम्ही बाहेरच थांबायचं ठरवलं. मला तर आनंदच झाला. भिंत बाहेर सरकवू, खुर्च्या टाकू, मामांना इथेच चहाला बोलावू.

मामा स्कूटरवर आले. निवृत्त मास्तर, वय पंचाहत्तरीच्या पुढे. त्यांनी गाडीकडे ढुंकूनही बघितलं नाही.

“सुले, मामा मेला का तुझा?”

“असं काय बोलता मामा!”

“मग भाची वेशीबाहेर झोपणार? गारुड्यांसारखी? उद्या शाळेतली पोरं मला विचारतील, सर, तुमच्याकडं पाहुण्यांना जागा नाही का?”

मी मोटारघराचे फायदे समजावून सांगू लागलो. मैलापाण्याच्या टाकीपर्यंत पोचलो तेव्हा मामा म्हणाले, “जावईबापू, ते पाणी तुमच्यापाशीच ठेवा,” आणि सुलभाला स्कूटरवर बसवून घेऊन गेले. मी रिक्षा करून त्यांच्या मागे गेलो. मामींनी शेंगाच्या पोळ्या केल्या होत्या, वर तूप इतकं की पोळी शोधावी लागत होती. जेवून मी जमिनीवरच्या गादीवर झोपलो. राजवाड्यात यादगिरी झोपला. सकाळी तो म्हणाला, “बिस्तर एक नंबर है, सार.”

उदगीर

उदगीरला तरी असं होऊ द्यायचं नाही असा मी निश्चय केला. चुलतभाऊ दिगंबरचं घर गावाच्या कडेला, समोर मोकळी जागा. गाडी थेट दारात लागली. दिगंबरला फोनवर आधीच बजावलं होतं की आम्ही गाडीतच झोपणार, गाडीतच जेवणार, ही तपासणी आहे.

पण वहिनी ताम्हन घेऊन दारात उभ्या. त्यांनी गाडीला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि आम्हा दोघांना ओवाळलं. मी म्हणालो, “वहिनी, अजून घेतली नाही, नुसती बघायला आणलीय.” त्यावर वहिनी म्हणाल्या, “नुसती बघायला गेलो तरी पोरीला बी आपण कुंकू लावतोच की.” मग गल्लीतल्या बायका आल्या. सगळ्यांनी पायऱ्यांशी चपला काढल्या आणि रांगेनं आत शिरल्या. चामड्याच्या सोफ्याला कुणी हात लावला नाही. सगळ्यांना एकच गोष्ट बघायची होती.

“ह्येच्यात संडास कुटं हाय?”

मी दार उघडून अभिमानानं दाखवला. एका आजीबाईंनी आत बघितलं, मग दोन हातांवरच्या शेगडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“आन्‌ हितंच भाकरी करायलाव?”

परदेशातल्या कुठल्याही म्हाताऱ्या जोडप्याला हा प्रश्न कुणी विचारलेला मी पाहिला नव्हता. बायका तोंडाला पदर लावून खाली उतरल्या, आणि माझं स्वयंपाकघर त्या क्षणी बाद झालं. जेवायला दिगंबरच्याच घरात बसलो. येसराची आमटी, कडक भाकरी आणि शेतातून आणलेला हुरडा. वहिनींनी अंथरुणंही घातली होती. “दारात पाहुणा आन्‌ गाडीत झोपायलाव? लोक म्हणतील वाटणीत भांडणं झाली.” हे ऐकल्यावर दिगंबरही ऐकेना. आमच्या पलंगावर त्याच्या तीन नातवंडांनी मुक्काम केला, आणि सकाळी कळलं की भिंत सरकवायचं बटण त्यांनी माझ्याहून जास्त वेळा दाबलंय. भिंत बाहेर आलेली ती आत जाईना. यादगिरी, दिगंबर आणि शेजारचे दोन पैलवान यांनी मिळून ती ढकलली. इतक्या भारी गाडीची भिंत चार माणसांनी बैलगाडी रेटावी तशी रेटावी लागते, हेही लिहून ठेवा.

परतीच्या वाटेवर सुलभा पुढे यादगिरीच्या शेजारी बसली होती. उदगीर मागे पडल्यावर ती वळून म्हणाली, “झाली का तुमची तालीम? आता जिथं मला राहायचंय तिकडं चला.”

“विजयवाडा? तिकडे आपलं कोणी नाही गं.”

“म्हणूनच.”

सूर्यापेटच्या पुढे

हैदराबादेत न शिरता रिंग रोडनं आम्ही विजयवाड्याच्या रस्त्याला लागलो. सूर्यापेटच्या पुढे एका हॉटेलाशी यादगिरीनं चहाला गाडी थांबवली. मी तेवढ्यात आत अंघोळ उरकायचं ठरवलं. न्हाणीघराची तपासणी अजून बाकी होती. पाणी मस्त गरम होतं. आनंदात मी जरा मोठ्यानं गातही होतो.

बाहेर गलका वाढला तसा मी बनियनवर टॉवेल गुंडाळून दार उघडलं. समोर पन्नास-साठ माणसं, हातांत मोबाइल. असल्या गाडीतून सिनेमाचा हिरोच उतरणार हे त्या भागात लहान पोरालाही ठाऊक असतं. माझं टक्कल, पोट आणि टॉवेल दिसल्यावर गर्दीतून जो आवाज निघाला, तसा निराशेचा आवाज मी जन्मात ऐकला नाही. एकानं यादगिरीला तेलुगूत विचारलं, “हा कोण?” यादगिरी म्हणाला, “प्रोड्यूसर.” लगेच दोघांनी माझ्याबरोबर फोटो काढून घेतले. सुलभा हॉटेलच्या बाकावर पेसरट्टू, म्हणजे हिरव्या मुगाचा डोसा, खात होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसत होती. तिला इतकं हसताना बघून किती दिवस झाले, हे आठवायचा मी प्रयत्न केला आणि टॉवेल सांभाळत आत गेलो.

गोल्लापुडी

विजयवाड्याच्या अलीकडे गोल्लापुडीला एका आंब्याच्या बागेशेजारी मोकळी जागा सापडली. इथे आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. कुणी ओवाळलं नाही, कुणी स्कूटरवर बसवून नेलं नाही. भिंत बाहेर सरकली, खुर्च्या टाकल्या, मी कॉफीचं सामान काढलं. ज्या घटकेसाठी एवढा खटाटोप केला ती अखेर आली होती. सुलभा म्हणाली, “प्यायचं पाणी घेऊन येते,” आणि कळशी घेऊन समोरच्या घराकडे गेली.

कॉफी निवली. डास आले. सुलभा आली नाही, तेव्हा मी शोधायला गेलो. घराच्या मालकीणबाई, पद्मावतम्मा, अंगणात मिरच्या निवडत बसल्या होत्या. त्यांनी बोटानं वर दाखवलं. जिना चढून गेलो. वर गच्चीला लागून एक खोली होती, भाड्यानं द्यायची. रिकामी. एक खिडकी, एक ओटा, भिंतीत कपाट. सुलभा खोलीच्या मधोमध उभी होती. खिडकीतून लांब कृष्णेचं पाणी दिसत होतं.

“कपाट किती खोल आहे बघा,” ती म्हणाली.

“आपल्याला काय करायचंय? आपल्या गाडीत कपाटं आहेत.”

तिनं कपाटात हात घालून बघितला. तेवढ्यात पद्मावतम्मा वर आल्या आणि सुलभाला तेलुगूत विचारलं, “एकटीच राहणार ना तुम्ही? मग स्वयंपाकाला एक शेगडी पुरेल ना?” आयुष्य हैदराबादेत काढून तेवढी तेलुगू मलाही कळते.

आम्ही बागेच्या कडेनं नदीकडे चालत गेलो. ऊन उतरलं होतं. मी मनातल्या मनात भांडणाची बरीच तयारी केली होती, पण सुलभाच आधी बोलली.

“रागावू नका. पण मला एकटीला यायचंय.”

“माझं काही चुकलं का?”

“तुमचं काही नाही हो. बावीस वर्षांची बरकतपुऱ्यात आले. सासूबाई, मामंजी, नणंदांची बाळंतपणं, मग आपली मुलगी, येणारे-जाणारे. कचेरीत गेले तरी डोक्यात कुकरच. त्या बाईनं मला विचारलं का, कुणाची सून, कुठलं गाव, किती मुलं? तिनं विचारलं, खोली आवडली का. एवढंच. मला किती बरं वाटलं सांगू! दोन-अडीच वर्षं मी माझ्यापुरता भात टाकीन. नकोसा वाटला त्या दिवशी नाही टाकणार.”

“आणि मी?”

“तुम्ही घर सांभाळा. विकू नका. शनिवारी या.”

“मग ही गाडी?”

“तुम्हाला गाडी हवीय का खरंच? खरं सांगा.”

खरं सांगायचं तर मला गाडी नको होती. त्या रिकाम्या घरात संध्याकाळी दिवा लावायला मी एकटा उरेन, याची मला भीती वाटत होती. रबराची चौकशी, छतावर ओतलेलं पाणी, सगळा अभ्यास त्या भीतीचाच होता. बायकोच्या बदलीला तिच्याबरोबर घरच उचलून न्यायला निघालेल्या माझ्यासारख्या शहाण्यानं तिला एकदाही विचारलं नव्हतं की तुला काय हवंय. मी तिला म्हणालो, “मला भीती वाटते, सुलभा.” ती म्हणाली, “मला पण वाटते. म्हणून तर कपाट बघत होते, नाहीतर खोली बघायला कशाला गेले असते?” या बोलण्यातला तर्क मला अजून नीट कळलेला नाही, पण तेव्हा पटला.

त्या रात्री आम्ही पहिल्यांदा मोटारघरात झोपलो. यादगिरीनं म्हटलं होतं ते खरं, बिस्तर एक नंबर होता.

बरकतपुरा

रियाझभाईंना गाडी परत केली. भिंत अडकते, खणांना खिट्या नाहीत, हे सांगितलं. “वो सब ठीक करा देता साब, असल बात बोलो, कायकू नक्को?” मी सांगितलं, बायकोला नको. “हौ, फिर तो बात खतम,” असं म्हणून त्यांनी मला चहा पाजला. बिल्डरलाही नाही म्हणून सांगून टाकलं. मग मी भात टाकायला शिकलो. पहिला भात यादगिरीनंसुद्धा खाल्ला नसता.

वाटणीची ऑर्डर मात्र येता येत नव्हती. आली तेव्हा सुलभानं कचेरीतूनच फोन केला. “तेलंगणा मिळालं,” ती म्हणाली. “इथंच राहायचं.”

ती घरी यायच्या आत गल्लीत बातमी पसरली होती. शेजारच्या काकूंनी पेढे आणले, मामांचा बिदरहून फोन आला, वहिनींनी देवापुढे साखर ठेवली असं दिगंबरनं कळवलं. सगळेजण मला म्हणत होते, सुटलात बुवा. मलाही सुटल्यासारखंच वाटलं, खोटं कशाला बोलू. मी हावऱ्यासारखे दोन पेढे खाल्ले.

सुलभा आली. सगळ्यांशी हसून बोलली, पेढा घेतला, चहा केला. लोक गेल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि तिनं कुकर लावला. नेहमीसारखाच, दोघांचा, वर कोणी आलं तर म्हणून एक मूठ जास्त. मी दारात उभा राहून बघत होतो. तिनं कुकरचं झाकण बसवलं आणि हात ओट्यावर टेकून ती उभी राहिली, शिट्टी होईपर्यंत.

“तुझ्या कचेरीतली ती रेवती,” मी विचारलं, “तिला काय मिळालं?”

“आंध्र. रडतेय बिचारी. तिची दोन्ही पोरं इथल्या शाळेत आहेत. कुणी बदलून घेईल का म्हणून सगळ्यांना विचारत फिरतेय.”

“मग घे ना बदलून.”

सुलभा वळली. मी चेष्टा करतोय का, हे तिनं आधी माझ्या चेहऱ्यावर बघून घेतलं.

“तुम्हाला करमेल?”

“नाही करमणार,” मी म्हणालो. “अजिबात नाही करमणार. पण तू जा.”

तिनं गॅस बंद केला, ओल्या हातांनीच टेबलावरचा फोन उचलला आणि रेवतीचा नंबर लावला.